हाताला जागा ठाऊक हवी

बाये, परवा रात्री दहा वाजता तुझा फोन आला तेव्हा तू रडकुंडीला आली होतीस. पर्वरीच्या फ्लॅटचा भाडेकरार मिळत नव्हता. सकाळी तो गॅसजोडणीसाठी न्यायचा होता, आणि तुम्ही दोघे तीन कपाटे उपसून बसला होता. शेवटी सापडला तो मिक्सरच्या खोक्यात, वॉरंटीच्या कार्डाखाली. मग तू विचारलेस, "आजी, आषाढात चार-चार दिवस लाइट नसते, तरी तुला सगळे कसे सापडते?" तेव्हा झोप आली होती, मी काहीतरी उत्तर दिले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज दुपारची जेवणे आटोपली, पाऊस लागून राहिला आहे, म्हणून लिहायला घेतले. यातले बरेचसे मांयचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. काही मला शाळेने शिकवले, काही नदीने.

काडेपेटीपासून सुरुवात करते. १९७६ साली मी साळहून लग्न होऊन हळर्णला आले. त्या घरात काडेपेटी ठेवायची जागा चुलीच्या डाव्या हाताला, फळीच्या टोकाशी होती. मांय तिथेच ठेवायची. मी नवी, शिकलेली, मला वाटले तिथे धूर लागून काळी होते, म्हणून एके दिवशी ती देवळीत ठेवली. त्या रात्री गोठ्यात वासरू हंबरू लागले. मांय अंधारात उठली, तिचा हात नेमका फळीच्या टोकाशी गेला आणि रिकामा परत आला. ती मला रागावली नाही. सकाळी एवढेच म्हणाली, "वस्त जाग्यार आसली की डोळे लागनत नाय." म्हणजे डोळ्यांची गरज पडत नाही. त्यानंतर ती जागा मी कधी बदलली नाही. आज चुलीच्या ठिकाणी गॅस आहे, फळीच्या जागी कडाप्पा आहे, पण काडेपेटी डाव्या हाताच्या टोकालाच असते.

तुझ्या पिढीला कपाटे फार आवडतात. एकावर एक खण, खणात डबे, डब्यात पाकिटे. दिसायला छान दिसते. पण नीट लावलेले घर आणि सापडणारे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तूची जागा ठरवताना ती कुठे शोभेल हे बघू नकोस. ती हवी असते तेव्हा तू कुठे उभी असतेस ते बघ. छत्री दारात हवी असते, तर खुंटी दारात. चष्मा उशाशी. स्कूटरची चावी पायताणे काढतेस तिथे, कारण घरात शिरल्यावर पहिले थांबणे तिथेच होते. आणि जागा बरोबर ठरली की नाही हे तपासायची एक रीत सांगते. तू बाहेर असताना नातजावयाला फोन कर आणि एका वाक्यात एखादी वस्तू शोधायला सांग. "देवघराखालचा वरचा खण, उजवा कोपरा." एवढ्यात मिळाली तर जागा पक्की. "तिथे नसेल तर त्या पिशवीत बघ, नाहीतर कपाटावर" असे म्हणावे लागले, तर त्या वस्तूला अजून घर मिळालेले नाही.

आता कागदांचे सांगते. हे जरा लांबेल, पण आपण आज ज्या घरात चवथ करतो, ते घर आणि पुढचा मळा कागदांमुळे आपला आहे.

तुझ्या पणजोबांचे वडील कूळ होते. जमीन भाटकाराची, कसायची यांनी आणि दर वर्षी खंड भरायचा. खंड भरला की भाटकाराचा कारकून बोटाएवढ्या कागदावर पावती लिहून द्यायचा. पुष्कळ घरांत ती पावती चुलीत तरी जायची नाहीतर पानसुपारीच्या पिशवीत भिजून जायची. मांयला अक्षरओळख नव्हती. पण सासऱ्यांनी आणलेला प्रत्येक कागद ती पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात घालायची, तारखेप्रमाणे नव्हे, आला तसा वर वर रचून. त्यामुळे जुने आपोआप खाली राहिले. गोव्यात कूळ कायदा १९६४ साली आला, आणि मी घरात आले त्याच १९७६ सालच्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. पण मालक मानायचे कुणाला? मामलेदारापुढे सिद्ध करावे लागायचे. ज्यांच्याकडे पावत्या नव्हत्या ते साक्षीदार शोधत फिरले. साक्षीदार म्हातारे, काही वारलेले. आपल्या घरातून तो बिस्किटांचा डबा गेला, आणि त्यातल्या चिठ्ठ्या टेबलावर एकावर एक मांडल्या गेल्या.

आणि त्याच डब्याशी मी काय केले तेही तुला कळू दे. १९९८ सालच्या वैशाखात मी घर झाडले, डबा गंजला म्हणून कागद काढून एका छानशा फाइलीत लावले आणि फाइल कुठेतरी सुरक्षित ठेवली. कुणाला सांगितले नाही. पुढे पावसाळ्यात मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्याच्या, घराच्या कामात त्यांतला एक कागद लागला. मला आठवेना. तीन महिने शोधत होतो. तारीख पुढे गेली, तुझे आजोबा माझ्याशी धड बोलत नव्हते. शेवटी फाइल मिळाली माळ्यावर, लग्नातल्या मोठ्या टोपाच्या आत, आणि एका कडेने रोयण, म्हणजे वाळवी, लागायला सुरुवात झाली होती. म्हणून हे लक्षात ठेव : सामायिक वस्तूची जागा बदलायची असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगून बदलायची, आणि बदलल्यावर निदान एकदा दुसऱ्या कुणाला तरी ती तिथून काढायला लावायची. मनातल्या मनात केलेली व्यवस्था घरच्यांच्या दृष्टीने पसाराच असते.

तुझ्या कागदांचे तीन गठ्ठे कर, जास्त करू नकोस. माणसांचे एक : जन्म, लग्न, शाळा, पासपोर्ट. घराजमिनीचे दुसरे : करार, घरपट्टी, लाइटबिल, गावातल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा. आणि तिसरा गठ्ठा दुखण्याचा : रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद. जिथे बसेल की नाही असे वाटेल तो कागद दुसऱ्या गठ्ठ्यात घाल. चौथा गठ्ठा "इतर" नावाचा केलास की वर्षभरात सगळे त्यातच जमेल, हे मी शाळेच्या कपाटात पाहिले आहे. प्रत्येक गठ्ठ्याच्या वर एक कोरा कागद, त्यावर आत काय आहे ते पेन्सिलीने लिही. एखादा कागद बाहेर नेलास तर त्याच कोऱ्या कागदावर तारीख आणि "कुठे नेला" एवढे लिहायचे. परत आला की खोडायचे.

आता तू म्हणशील, हे एकदा होईल गं आजी, टिकत नाही. खरे आहे. टिकवायचे कसे हे मला पुरुमेंताने शिकवले.

आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत. शब्द पोर्तुगीजांकडून आला, काम मात्र त्याहून जुने आहे. तू लहानपणी मे महिन्यात यायचीस तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, आठवते? पण तू शेवटचा भाग पाहिलास. मांयचे पुरुमेंत शिगमो झाला की सुरू व्हायचे. पहिली मिरची, कारण तिला कडक ऊन लागते आणि रात्रीचे दंव चालत नाही. हरमलची मिळाली तर ती, तिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे; नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून. मग चिंच, फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे. मग काजूचे दिवस, तेव्हा दुसरे काही काढायचे नाही, कारण घरातले सगळे हात डोंगरावर. एप्रिल सरता सरता भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, पिकली की सोले. साल सोडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. असे काही दिवस केले की सोल काळेभोर आणि मऊ होते. एक दिवस कंटाळा केला तर त्याला बुरशी येते आणि सगळा घाणा टाकावा लागतो. मग फणसाची साठे, मिठातली तोरे, सुकी मासळी, गालमो. सर्वांत शेवटी लाकडे, कारण ती आधी रचली तर त्यांत साप, विंचू घर करतात. मृगाच्या आधी लाकडे आत गेली की मांय हातपाय धुऊन, तुळशीपुढे दिवा लावून, पहिल्यांदा स्वस्थ बसायची.

मी हे चाळीस वर्षे केले, आणि त्यातले एक फार उशिरा माझ्या ध्यानात आले. या सगळ्यात मांय कधी "आता काय करू" असा विचार करत बसली नाही. भिरंडे पिकली हाच निरोप. झाड पिकल्यावर तिला आठवण करून द्यावी लागत नव्हती, आणि "मन लागत नाही" म्हणायला फुरसतही नव्हती. काम झाडाला बांधलेले होते, मनाला नव्हते.

तुझ्या फ्लॅटच्या खाली भिरंडाचे झाड नाही. पण तुझ्याकडे संकष्टी आहे. तू करतेस, मला माहीत आहे. चंद्रोदय होईपर्यंत तू मोबाइल घेऊन बसतेस. ती वेळ औषधांच्या डब्याला दे. मुदत संपलेली गोळी काढ, चिठ्ठीवर जुळव, संपत आलेल्याची नोंद कर. वीस मिनिटांचे काम आहे, आणि महिन्यातून एकदा आपोआप येते, कारण चंद्र काही चुकवत नाही. चवथीच्या झाडलोटीत माळा आणि वरचे कप्पे. दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतो, तुझी शस्त्रे म्हणजे लॅपटॉप आणि स्कूटर : त्या दिवशी जुन्या फाइली काढ, फोटोंची दुसरी प्रत करून ठेव, विम्याची तारीख बघ. तुळशीचे लग्न झाले की रजया-गोधड्यांना ऊन. वैशाखात कागदांचे तीन गठ्ठे बाहेर काढून वारा द्यायचा, डांबरगोळ्या बदलायच्या. नवा दिवस शोधू नकोस. जो सण तू नाहीतरी करणारच आहेस, त्याच्या शेपटीला एकाच प्रकारचे काम बांध. दोन बांधलीस तर सणही जड होईल.

आणि पुरुमेंतातली एक बारीक गोष्ट : नवे नेहमी मागे, जुने पुढे. तांदूळ असो, डाळ असो, साबण असो. डब्याच्या झाकणावर भरल्याची तारीख. तुम्ही नवे आणून जुन्यावर ओतता आणि तळाशी पाखरू होते.

नेमाचे आता. गेल्या वर्षी तुझ्या भावाने मला मोबाइलवर वाचून दाखवले होते : लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एक एक लहान सवय लावायला सांगितली. रोज एकाच प्रसंगाला जोडून, म्हणजे न्याहारीनंतर असे. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे निघाले, पण त्यांच्या अंदाजाने कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. २०१० च्या सुमाराचे ते काम. मी त्याला म्हटले, अरे, आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मोज बघू. चार महिने होतात. आमच्या बायका चातुर्मासाचा नेम धरायच्या तो एवढ्या दिवसांचा. कुणी वांगे सोडायची, कुणी रोज एक दिवा वडाखाली ठेवायची, कुणी जेवताना बोलायची नाही. माझ्या आईने एका चातुर्मासात रोज झोपण्याआधी ताटवाट्या मोजून लावायचा नेम धरला होता. कार्तिकीला नेम सुटला, पण पुढे जन्मभर तिने ताटे मोजल्याशिवाय दिवा मालवला नाही.

त्या बायकांचा नेम लहान असायचा याकडे लक्ष दे. "रोज घर आवरीन" असा नेम कुणी धरला नाही. नेम असा धर की ताप आला तरी होईल. "रात्री ओटा पुसूनच झोपीन" पुरे. आणि चुकला तर? आमच्याकडे चुकलेल्या नेमाचे प्रायश्चित्त दुसऱ्या दिवशी दुप्पट करणे नव्हते. देवापुढे हात जोडायचे, आणि आजचा आज. दुप्पट करायला गेले की तिसऱ्या दिवशी सुटतो. हे मी स्वतः भोगले आहे. व्यायामाच्या बाबतीत.

शाळेचेही थोडे सांगते. गोव्याची मुक्ती झाली तेव्हा मी सात वर्षांची. पुढे १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले, गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि आमच्यासारख्या मुली शिकल्या. शिकून मी त्याच शाळांत मास्तरीण झाले. बरीच वर्षे एकशिक्षकी शाळेत : एक खोली, चार वर्ग, मी एकटी. पहिलीला अक्षर गिरवायला लावायचे, तोवर तिसरीला गणित, चौथीला वाचन, आणि दुसरी खिडकीतून आंबे पाहते आहे. पहिल्या वर्षी मी रोज रडत घरी यायचे. दुसऱ्या वर्षी एक बदल केला. शाळा सुटल्यावर निघण्याआधी फळ्याचे चार भाग करून उद्याचे पहिले काम चारही वर्गांसाठी लिहून ठेवायचे. सकाळी मुले येतील तशी बसून कामाला लागायची. मी हजेरी घेईपर्यंत खोली शांत. दिवसाची पहिली दहा मिनिटे सापडली की बाकीचा दिवस हाती येतो, आणि ती दहा मिनिटे आदल्या संध्याकाळीच मिळवावी लागतात. तुलाही हेच सांगते. ऑफिसातून निघताना टेबलावर उद्याचे पहिले काम उघडून ठेव, बाकीचे बंद कर. घरी झोपताना सकाळच्या चहाचे भांडे ओट्यावर, डबा उघडा, कपडे खुंटीला.

दर वर्षी मुलांना किल्ल्यावर न्यायचे. आमचा हळर्णचा किल्ला लहान, पण त्याचे नाव लिस्बनपर्यंत गेले. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, आणि त्यांच्या व्हाइसरॉयला त्यावरून आलोर्नाचा मार्क्विस असा किताब मिळाला. मुलांना हे ऐकून फार अभिमान वाटायचा. तिथे नदीकाठ, पडक्या भिंती, झाडी. मी प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक लहान मूल द्यायची. मी सगळ्यांना मोजायची नाही, प्रत्येकाने आपले एक मोजायचे. कधी एक मूलही मागे राहिले नाही. घरातही असेच कर. सगळ्या घरावर एकटीने नजर ठेवू नकोस. नातजावयाला एक जागा पूर्ण दे, फ्रिज म्हण, बाल्कनी म्हण, आणि मग तिथे बोट घालू नकोस, तो तुझ्यासारखी लावत नसला तरी.

आता अवघड गोष्टींविषयी. कारण नुसती व्यवस्था शिकलेले माणूस आपल्या व्यवस्थेतच अडकते. मी अडकले होते.

२००३ साली तुझ्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. तोवर बाजार, बँक, इस्पितळ, सगळे तेच करायचे. मी शाळा आणि घर, दोन्ही चोख. मला वाटायचे माझे सगळे जागच्या जागी आहे. आणि एका सकाळी कळले की म्हापशाला जायचे तर मला कुणाच्या तरी दाराशी उभे राहावे लागते. बसच्या वेळा इस्पितळाच्या वेळांशी जुळत नव्हत्या. अंगणात त्यांची स्कूटर उभी होती. मी एकोणपन्नास वर्षांची, सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती.

महिनाभर मी त्या स्कूटरकडे बघून शाळेत जायचे. मग एके दिवशी मनाशी तारीख ठरवली : भात कापून मळा मोकळा झाला की पहिल्या रविवारी. शेजारच्या मुलाला सांगितले, फक्त त्यालाच. सगळ्या गावाला सांगितले असते तर सगळ्यांचा सल्ला आधी आणि भीती दुप्पट. पहिल्या दिवशी नुसती ढकलत नेली, बसलेही नाही. दुसऱ्या रविवारी बसले, पाय जमिनीला. तिसऱ्या रविवारी मेरेवर आपटले, गुडघा फुटला, आणि खरे सांगते बाये, त्या दिवशी भीती निम्मी झाली, कारण पडणे म्हणजे काय ते एकदा कळले होते. चारेक महिन्यांनी मी पेडणे बाजारातून भाजी घेऊन आले. आजोबा ओसरीवर खुर्चीत होते. अर्ध्या तोंडाने हसले. त्यानंतर दहाबारा वर्षे मीच त्यांना फिजिओथेरपीला नेले, आधी मागे बांधून, पुढे ते स्वतः धरून बसायचे.

तेव्हापासून मी दर वर्षी भात कापून झाल्यावर एक अवघड गोष्ट घेते. एकच. एके वर्षी बँकेचे फॉर्म स्वतः भरणे. एके वर्षी जुन्या दस्तांतले पोर्तुगीज शब्द वहीत उतरवून अर्थ लावणे, कारण वकिलाने सांगितले ते खरे की खोटे हे मला कळत नव्हते. एके वर्षी मोबाइलवरून पैसे पाठवणे. सत्तरीच्या आसपास तेही सोपे नव्हते. अवघड गोष्ट निवडताना दोन गोष्टी पाहते : ती माझ्या मनाला भिववते का, आणि ती आल्याने उद्या कुणाचा तरी भार हलका होईल का. एक नसेल तर ती हौस आहे, हौसही चांगली, पण ती वेगळी मोजायची. आणि ती नेहमी सकाळी करायची. रात्री सगळेच डोंगराएवढे दिसते. तू ऑफिसात सर्वांपुढे बोलायला घाबरतेस असे तुझी आई म्हणाली. तुझा मोकळा मळा कोणता ते शोध, जिथे पडलीस तरी मऊ माती असेल. दोन मैत्रिणींपुढे पाच मिनिटे बोल.

२०१९ चा ऑगस्ट तू ऐकला आहेस, मी तो पाहिला. तिळारीच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता, धरणाचे पाणी सोडले होते, आणि शापोरा, वर जिला तिळारी म्हणतात तीच ही नदी, काठ सोडून आली. हळर्ण, चांदेल, इब्रामपूर, पलीकडे माझे माहेर साळ, सगळीकडे पाणी. आमच्या पायरीला पाणी लागले तेव्हा रात्र होती आणि लाइट केव्हाच गेली होती. मी टॉर्च घेतला, जागेवर होता. कागद आधीच फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, माळ्यावर. औषधांची पिशवी दाराच्या खुंटीला. चष्मा, मोबाइल, देवघरातली चांदीची मूर्ती, रेनकोट. बाहेर पडायला मला फार वेळ लागला नाही. शेजारणीला लागला, तिला सोन्याची पुडी कुठे ठेवली ते आठवत नव्हते, आणि तिचा मुलगा कंबरभर पाण्यातून पुन्हा आत गेला. तो बाहेर आला हे देवाचे उपकार.

पाणी ओसरल्यावर घरात चिखल होता. त्यासाठी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते, देव करो आणि तुला कधी न लागोत. चिखल ओला असतानाच धुऊन काढायचा, वाळला की भिंत सोलावी लागते. भिजलेला कागद उन्हात टाकायचा नाही आणि चिकटलेली पाने ओढून सोडवायची नाहीत. वर्तमानपत्राच्या कागदांमध्ये घालून सावलीत, पंख्याखाली, आणि वर्तमानपत्र बदलत राहायचे. फोटो स्वच्छ पाण्यातून हलक्या हाताने काढून सपाट सुकवायचे. विहिरीचे पाणी उपसून, औषध टाकून, उकळल्याशिवाय प्यायचे नाही. आणि इलेक्ट्रिकचे बटण, माणूस येऊन तपासेपर्यंत, कुणी दाबायचे नाही.

खालच्या कपाटातली माझी लुगडी, साड्या, मांयची रेशमी चोळी, शाळेतल्या मुलांनी दिलेली ग्रीटिंगे, सगळे चिखलात. त्या दिवशी मला कळले की मी कितीतरी वस्तू नुसत्या सांभाळत होते. त्यांना जागा दिली होती, पण त्यांना हात लावून वर्षे झाली होती. साड्यांतल्या धुऊन नीट निघाल्या त्या वापरायला काढल्या, घरात नेसते, त्या फाटल्या तर फाटू देत. तू लग्नातला तो डिनरसेट काढ गं. रोज.

शेवटी माझ्या चुकीचे सांगते, कारण त्यासाठी तू मला हवी आहेस. एवढे सगळे लिहून ठेवणारी मी, पण चवथीला गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या माटोळीची यादी मी आजपर्यंत कधी लिहिली नाही. मांयने मला डोंगरात फिरवून दाखवली आणि ती माझ्या डोक्यात राहिली. कवंडळ कुठल्या कुंपणावर चढते, कांगले कुठल्या घळीत, घागऱ्या कुणाच्या भाटात, आंबाडे कुणाला सांगून आणायचे, शिपटे कुठल्या माडीवरचे. माझे गुडघे आता चढ चढत नाहीत. मोपाच्या पठाराकडच्या काही जुन्या वाटा विमानतळाच्या कुंपणाआड गेल्या, तिथले आता दुसरीकडे शोधावे लागणार. म्हापशाच्या बाजारात सगळे मिळते, पण विकत आणलेली माटोळी बांधताना मांय काय म्हणाली असती हे मला ठाऊक आहे.

तेव्हा यंदा चवथीच्या आदल्या शनिवारी दोघे या. पायात बूट घाला, कोयता मी देईन. मी खालून सांगेन, तू वर चढ आणि प्रत्येक वस्तूपुढे जागा लिहून घे, आणि नातजावयाला ती शोधायला लाव. वही मी आणून ठेवली आहे, शंभर पानी. देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, उजव्या खुंटीला टांगली आहे.